जस्टिन हेनिनचा खेळ म्हणजे नुसता बॅकहँड नव्हे

रातराणी

बेल्जियमची टेनिसपटू जस्टिन हेनिन हिचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : काय बॅकहँड (उजव्या हाताने खेळणारीने डावीकडचा चेंडू मारायचा फटका) होता तिचा! होताच. जॉन मॅकेन्रोसारखा दिग्गज टेनिसपटू पुरुष आणि महिला दोन्हींत मिळून तिचाच एकहाती बॅकहँड सर्वोत्तम मानायचा. पण त्या एका फटक्याच्या कौतुकात तिचा बाकीचा खेळ झाकला जातो, आणि मला ते फार खटकतं. तिचे जुने सामने पुन्हा पुन्हा बघून माझं मत पक्कं होत गेलंय की बॅकहँडमुळे ती लक्षात राहिली, पण सामने तिने पायांवर आणि फोरहँडवर (उजवीकडच्या फटक्यावर) जिंकले. त्यासाठीच हा धागा काढतेय.

ज्यांनी तिला खेळताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १ जून १९८२, बेल्जियममधलं लिएज. एकेरीची ४३ विजेतेपदं, त्यात सात ग्रँड स्लॅम : फ्रेंच ओपन चार वेळा (२००३, २००५, २००६, २००७), यूएस ओपन दोनदा (२००३, २००७) आणि ऑस्ट्रेलियन ओपन एकदा (२००४). शिवाय २००४ चं अथेन्स ऑलिंपिक सुवर्ण. क्रमवारीत पहिल्या स्थानावर एकूण ११७ आठवडे. विम्बल्डन मात्र राहिलं. तिथे दोनदा अंतिम फेरीत हरली.

आता तिची उंची बघा : १.६७ मीटर. आणि समोर कोण? व्हीनस विल्यम्स १.८५, शारापोव्हा १.८८, डेव्हनपोर्ट १.८९. सेरेना उंचीने या तिघींइतकी नाही, पण ताकदीत सगळ्यांच्या वर. महिला टेनिस तेव्हा 'जोरात मारा, आधी मारा' या वळणावर होतं. सर्व्हिस जोरदार, रिटर्न त्याहून जोरदार, तीन-चार फटक्यांत गुण संपलेला. अशा काळात जेमतेम साडेपाच फुटांची, एकहाती बॅकहँड मारणारी मुलगी पहिल्या क्रमांकावर गेली आणि टिकली.

तिच्या बॅकहँडची खरी गंमत कुठे होती ते सांगते. एकहाती बॅकहँडमध्ये चेंडू शरीराच्या बराच पुढे घ्यावा लागतो. म्हणजे निर्णय लवकर, खांदा लवकर वळलेला आणि पाय आधीच जागेवर. यातलं एक जरी उशिरा झालं तरी फटका कोसळतो. दोन हातांनी मारणाऱ्या खेळाडूला दुसरा हात थोडं सावरून घेतो, हिला ती सोय नव्हती. तिची तयारी नीट बघा. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, रॅकेट डोक्याच्या उंचीपर्यंत मागे, पाठ जवळजवळ प्रतिस्पर्ध्याकडे वळलेली. इथून ती टॉपस्पिन (पुढे फिरणारा चेंडू) मारणार, स्लाइस (खालून कापलेला, खाली राहणारा चेंडू) करणार की नेटजवळ अलगद चेंडू टाकणार, हे समोरच्या बाईला शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. फटका सुटताना डावा हात मागे जायचा आणि छाती बाजूलाच राहायची. फोटोत दिसतो तो हा क्षण. पण फोटोत त्याआधीची चार छोटी पावलं दिसत नाहीत, आणि फटका तिथेच तयार झालेला असतो.

फोरहँडची गोष्ट वेगळी. २००१-०२ मध्ये तो तिचा कच्चा दुवा होता. त्या वर्षांतल्या सामन्यांत प्रतिस्पर्धी सरळ तिच्या उजवीकडे मारत सुटलेल्या दिसतात. मग २००२ च्या अखेरीस ती फ्लोरिडात पॅट एचेबेरी या शारीरिक प्रशिक्षकाकडे गेली. वजनं, धावणं, पुन्हा वजनं. २००३ मध्ये परतली तेव्हा दंड आणि खांदे वेगळेच दिसत होते आणि चेंडूला वजन आलं होतं. त्यानंतर ती बॅकहँडच्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूलाही वळसा घालून फोरहँड मारू लागली. ज्या खेळाडूच्या बॅकहँडवर जग फिदा, ती स्वतः संधी मिळाली की फोरहँड निवडते, यातच सगळं आलं.

तुम्हाला तिचा कुठला सामना आठवतो? आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही सविस्तर लिहा.

---

पावशा

मस्त धागा. पण मुद्द्याला माझा अर्धाच होकार.

फोरहँड सुधारला हे खरं. पण प्रतिस्पर्धी तिच्या फोरहँडकडे का खेळायच्या? बॅकहँडची धास्ती होती म्हणून. म्हणजे अर्धं कोर्ट त्या आपणहून सोडून देत होत्या. तिला कुठे उभं राहायचं हे आधीच माहीत, मग फोरहँडला वेळ मिळणारच. फोरहँडने गुण संपवले असतील, पण ती संधी बॅकहँडच्या दहशतीतून आली.

बहुतेकांचा एकहाती बॅकहँड खांद्याच्या उंचीवरचा चेंडू आला की दुबळा पडतो. हिचा नाही पडायचा. उंच उसळलेल्या चेंडूवर ती चक्क जमीन सोडून, हवेत असताना बॅकहँड मारायची, तोही सरळ रेषेत. नाहीतर दोन पावलं पुढे येऊन उसळी वर चढायच्या आतच घ्यायची. दोन्ही उपाय जवळ असल्यामुळे तिला 'उंच चेंडू देत राहा' या साध्या युक्तीने हरवता आलं नाही.

---

मातीकोर्ट

पायांबद्दल रातराणीताईंनी ओझरतं लिहिलंय, त्यात भर घालतो.

पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गॅरोचं कोर्ट लाल दिसतं, पण ती माती नाही. वर विटांच्या भुकटीचा एक-दोन मिलिमीटरचा थर असतो, बस. त्याखाली चुनखडीच्या चुऱ्याचा जाड पांढरा थर, त्याखाली कोळशाची राखखडी, मग खडी आणि तळाला दगड. खालचा चुनखडीचा थर पाणी धरून ठेवतो आणि वरची भुकटी पायाखाली सरकते. त्या पातळ थरावर घसरत जाऊन, फटका मारून, लगेच परत फिरणं ही स्वतंत्र विद्या आहे. मी ज्या क्लबात शिकलो तिथली माती पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली असायची. तिच्यावर असं घसरता यायचं नाही, घसरलात तर पडायचात. त्यामुळे टीव्हीवर हे बघताना मला त्याचं फार अप्रूप.

बरेच खेळाडू फटका मारून झाल्यावर घसरतात. म्हणजे चेंडूपर्यंत पोहोचले, मारला आणि मग वेगामुळे आणखी दोन फूट बाहेर गेले. परत यायला तेवढा उशीर. हेनिन घसरत चेंडूपाशी यायची आणि घसरणं संपतासंपता फटका मारायची. फटका झाला तेव्हा शरीर थांबलेलं, पुढचं पाऊल परतीचं. प्रत्येक रॅलीत यातून अर्धं-अर्धं पाऊल वाचत जायचं. २००५ च्या वसंतात ती मातीवर सलग २४ सामने जिंकली : चार्ल्सटन, वॉर्सा, बर्लिन आणि मग पॅरिस. त्यामागे हे वाचवलेलं पाऊल आहे असं मी मानतो.

आणि ती २४ ची मालिका सहज झालेली नाही. पॅरिसमध्ये चौथ्या फेरीत कुझनेत्सोव्हाविरुद्ध दोन मॅच पॉइंट (हरायला एकच गुण बाकी असण्याची वेळ) वाचवून ती ७-६, ४-६, ७-५ अशी निसटली. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेरी पिअर्सला मात्र ६-१, ६-१.

---

शरयू

खेळ सुंदरच होता, वाद नाही. पण तिच्याबद्दल लिहायचं तर २००३ ची फ्रेंच ओपन उपांत्य फेरी टाळून चालणार नाही.

तिसरा सेट, सेरेना ४-२ ने पुढे, स्वतःच्या सर्व्हिसवर ३०-०. सेरेना सर्व्हिस करत असताना हेनिनने 'थांब' अशा अर्थाने हात वर केला. सेरेनाची सर्व्हिस नेटमध्ये गेली. तिने पहिली सर्व्हिस पुन्हा मागितली. पंचांनी हात पाहिलाच नव्हता, आणि हेनिन गप्प राहिली. सेरेना तो गेम हरली आणि शेवटी सामना ६-२, ४-६, ७-५ असा हेनिनने जिंकला. त्या दिवशी पॅरिसच्या प्रेक्षकांनी सेरेनाची जी हुर्यो उडवली ती आजही बघवत नाही.

मग २००६ ची ऑस्ट्रेलियन ओपन अंतिम फेरी. मॉरेस्मो ६-१, २-० ने पुढे असताना हेनिनने पोटाच्या त्रासामुळे सामना सोडला. मॉरेस्मोचं ते पहिलं ग्रँड स्लॅम. आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण, आणि शेवटचा गुण खेळलाच गेला नाही.

मला हेनिनचा खेळ आवडतो, पण या दोन गोष्टींमुळे ती कधी 'माझी' खेळाडू झाली नाही.

---

रातराणी

शरयू, हे लिहिलंस ते बरं झालं.

हाताच्या प्रसंगात मी तिची बाजू घेणार नाही. तिने हात वर केला होता हे पुढे बऱ्याच वर्षांनी तिने स्वतः मान्य केलं. तिथल्या तिथे 'हो, मी हात वर केला होता' एवढं म्हणाली असती तर सामना कदाचित तरीही जिंकली असती आणि डाग राहिला नसता. त्या सेटमध्ये नंतरही बरंच टेनिस झालं, नुसत्या त्या एका सर्व्हिसने निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. पण सेरेनावर अन्याय झाला.

मेलबर्नच्या बाबतीत मात्र मी तुझ्याइतकी कठोर नाही. खेळाडूच्या पोटात काय चाललंय हे गॅलरीतून सांगता येत नाही. हा, मॉरेस्मोसाठी वाईट वाटतं. पण त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ गमावून मॉरेस्मोने हिला पुढचे दोन ६-३, ६-४ असे हरवले, आणि तिथे शेवटचा गुण पूर्ण खेळून जिंकली. त्या विजयाचा मला हेनिनची चाहती असूनही आनंद झाला होता.

पावशा, 'अर्धं कोर्ट सोडून दिलं' हा मुद्दा चांगला आहे, पण मग २००१-०२ मध्येही त्या सोडतच होत्या ना? बॅकहँडची धास्ती तेव्हाही होती. फरक पडला तो उजवीकडून उत्तर यायला लागल्यावर.

---

ब्रसेल्सकर

नोकरीच्या निमित्ताने इथे येऊन बरीच वर्षं झाली. बेल्जियमच्या बाजूने थोडं लिहितो, कारण ते माहीत नसेल तर हेनिन-क्लायस्टर्स प्रकरणातली खुमारी कळत नाही.

हा देश महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि त्यातही दोन भाषांमध्ये विभागलेला. उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून. वर्तमानपत्रं वेगळी, टीव्ही वेगळा, राजकीय पक्षसुद्धा वेगळे. आणि एकाच पिढीत दोन बाजूंना एकेक खेळाडू जन्माला आली : किम क्लायस्टर्स फ्लेमिश, जस्टिन हेनिन वालून. वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर. २००१ मध्ये दोघींनी मिळून बेल्जियमला महिलांचा सांघिक फेड कप जिंकून दिला. २००३ मध्ये दोघीही पहिल्या क्रमांकावर जाऊन आल्या, ऑगस्टमध्ये क्लायस्टर्स आणि ऑक्टोबरमध्ये हेनिन. त्याआधी या देशातल्या कुणालाही एकेरीचं ग्रँड स्लॅम मिळालेलं नव्हतं. ते पहिलं ग्रँड स्लॅम ठरलं २००३ च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात, आणि नेटच्या दोन्ही बाजूंना बेल्जियनच होत्या! हेनिन ६-०, ६-४.

त्याआधी २००१ ला पॅरिसमध्येच उपांत्य फेरीत हेनिन क्लायस्टर्सविरुद्ध ६-२, ४-२ अशी पुढे होती आणि तिथून हरली. इथले जुने टेनिसवेडे तिच्या कारकिर्दीतलं वळण म्हणून हा पराभव सांगतात.

क्लायस्टर्स हसतमुख, मोकळी, सगळ्यांची लाडकी. हेनिन टोपी खाली ओढलेली, अबोल, सामना संपेपर्यंत चेहऱ्यावरची रेषा न हलणारी. पण तिचं बालपण माहीत असलं की ते वेगळं दिसतं. आई शिक्षिका होती, फ्रेंच आणि इतिहास शिकवायची. आई तिला सीमेपलीकडे पॅरिसला फ्रेंच ओपन बघायला घेऊन जायची. १९९२ चा ग्राफ-सेलेस अंतिम सामना (सेलेसने तिसरा सेट १०-८ असा जिंकला तो) मायलेकींनी स्टेडियममध्ये बसून पाहिला. एक दिवस मी इथे खेळेन, असं दहा वर्षांच्या जस्टिनने तेव्हा आईला सांगितलं होतं. १९९५ मध्ये आई कर्करोगाने गेली. जस्टिन १२ वर्षांची होती. दोनच वर्षांनी, १९९७ ला, तिने पॅरिसमध्ये मुलींची ज्युनियर स्पर्धा जिंकली.

नंतर वडील आणि भावंडांशी तिचे संबंध तुटले ते काही वर्षं तसेच राहिले. घराच्या जागी होते ते तिचे प्रशिक्षक, अर्जेंटिनाचे कार्लोस रॉड्रिगेझ. चौदाव्या वर्षापासून जवळजवळ शेवटपर्यंत तेच. एवढ्या लहान वयात धरलेला प्रशिक्षक कारकीर्दभर टिकणं महिला टेनिसमध्ये दुर्मीळ आहे. हेच रॉड्रिगेझ पुढे चीनच्या ली नाबरोबर होते, तिने २०१४ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली तेव्हाही.

---

बेसलाइन

ब्रसेल्सकर, सुंदर प्रतिसाद. आईबद्दल माहीत होतं, पण १९९२ चा तो सामना त्यांनी तिथे बसून पाहिला हे नव्हतं माहीत.

कुणीच सर्व्हिसबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिची खरी दुखरी नस ती. उंची कमी असली की चेंडू नेटवरून जाऊन चौकोनात पडायला कोन कमी मिळतो. जोर लावायचा तर चूक होण्याची भीती, फिरकी द्यायची तर समोरची पुढे येऊन ठोकणार. तिने कारकीर्दभर सर्व्हिसची ठेवण बदलत ठेवली. दडपण आलं की डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणं) यायचे. विम्बल्डन राहून जाण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. गवतावर खाली राहणारा स्लाइस तिच्याकडे होता, व्हॉली उत्तम होती, पावलं हलकी होती. २००६ ला तर ती सर्व्हिसमागोमाग नेटवर जात होती. पण गवतावर स्वतःची सर्व्हिस आरामात राखता आली नाही तर बाकीचं सगळं कौशल्य तिथेच खर्ची पडतं.

२००१ ला व्हीनसकडून ६-१, ३-६, ६-०, २००६ ला मॉरेस्मोकडून हार, आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली २००७ ची बार्टोली. पहिला सेट ६-१, दुसऱ्यातही पुढे, आणि तिथून १-६, ७-५, ६-१ असा बार्टोलीने सामना काढला. त्या वर्षी हेनिन इतकी भरात होती की तेच विम्बल्डन तिचं असायला हवं होतं.

---

पावशा

बेसलाइन, २००७ बद्दल अनुमोदन. ते वर्ष खरं तर सुरू झालं ते वाईट. घटस्फोटामुळे ती ऑस्ट्रेलियन ओपन खेळलीच नाही. मग हळूहळू भावंडांशी पुन्हा बोलणं सुरू झालं आणि पॅरिसमध्ये भावंडं तिचा सामना बघायला आली. पुढचं टेनिस बघा.

फ्रेंच ओपन : उपांत्यपूर्व फेरीत सेरेना ६-४, ६-३, उपांत्य फेरीत यांकोविच ६-२, ६-२, अंतिम फेरीत इव्हानोविच ६-१, ६-२. विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा सेरेना, तीन सेटमध्ये. यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्यांदा सेरेना, ७-६, ६-१. लगेच पुढच्या फेरीत व्हीनस, ७-६, ६-४. अंतिम सामन्यात कुझनेत्सोव्हा ६-१, ६-३. अख्ख्या स्पर्धेत एक सेट गमावला नाही. एकाच ग्रँड स्लॅममध्ये दोन्ही विल्यम्स भगिनींना हरवून विजेतेपद मिळवणारी ती पहिली.

वर्षअखेर माद्रिदला शारापोव्हाविरुद्ध अंतिम सामना, ५-७, ७-५, ६-३, जवळजवळ साडेतीन तास. दहा विजेतेपदं. एका मोसमात ५० लाख डॉलरच्या वर बक्षीस मिळवणारी पहिली महिला खेळाडू.

आणि रातराणी, त्या यूएस ओपनचा व्हीनसविरुद्धचा सामना पुन्हा बघून मी तुझ्या बाजूला थोडा सरकलोय. निर्णायक गुण बरेचसे फोरहँडचे आहेत. बॅकहँडच्या कोपऱ्यातून वळसा घेऊन मारलेले.

---

सरावकट्टा

मी लहान मुलांना टेनिस शिकवतो. हा धागा वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी एकहाती बॅकहँड मागणारी मुलगी विरळाच. आली तरी मी दोनदा विचार करतो. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या एका मनगटात रॅकेट स्थिर धरण्याची ताकद नसते. दोन हातांनी तिला पहिल्या महिन्यात चेंडू पलीकडे घालता येतो, एका हाताने वर्ष जातं. तोवर बरोबरीच्या मुली स्पर्धा जिंकू लागलेल्या असतात, पालक अस्वस्थ होतात. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी मनगटात ताकद येते, तेव्हा सवय मोडायची वेळ निघून गेलेली असते. त्यात सर्व्हिस रिटर्न. जोरात आलेली सर्व्हिस दोन हातांनी अडवून परतवता येते, एका हाताला मागे न्यायलाच वेळ नसतो.

म्हणून आज महिलांमध्ये एकहाती खेळणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. हेनिननंतर २०१० ला स्कियावोने फ्रेंच ओपन जिंकली, तीही एकहाती. पुढे व्हिंची, सुआरेझ नव्हारो होत्या. आता तात्याना मारिया, गोलुबिक, डियान पॅरी अशी थोडी नावं. मारियाने २०२५ मध्ये सदतिसाव्या वर्षी लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली ती मुख्यतः स्लाइसवर, तेव्हा मला फार आनंद झाला.

हेनिनचे व्हिडिओ मी मुलांना दाखवतो ते बॅकहँड शिकवायला नाही. मुली दोन हातांनीच मारतात, मारोत. मी आवाज बंद करून त्यांना फक्त तिचे बूट बघायला सांगतो. समोरचीने चेंडू मारला त्या क्षणी तिची छोटी उडी, मग पहिलं मोठं पाऊल, मग चेंडूजवळ बारीक बारीक पावलं. हे कुठल्याही ग्रिपला आणि कुठल्याही उंचीला लागू आहे.

---

उत्तरा_

सरावकट्टा, तुमच्यासारखा शिक्षक लहानपणी मिळायला हवा होता.

माझ्यासाठी हेनिन म्हणजे १४ मे २००८. पहिल्या क्रमांकावर असताना, वयाच्या २५ व्या वर्षी, फ्रेंच ओपनच्या तोंडावर ती म्हणाली की मी थांबतेय. लगेच, आजपासून. क्रमवारीतून नावही काढून घेतलं. पहिल्या क्रमांकावर असताना निवृत्त होणारी पहिलीच महिला खेळाडू. तीन वर्षं सलग जिंकलेली स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली. मला तेव्हा त्याचा राग आला होता, खेळायचं होतं की अजून एकदा!

नंतर २०२२ मध्ये अ‍ॅश बार्टीनेही तेच केलं. तीही पहिल्या क्रमांकावर, तीही २५ वर्षांची, तिच्याही बॅकहँडला तसाच धारदार स्लाइस. बार्टीचा निर्णय लोकांनी किती समजुतीने घेतला! हेनिनच्या वाट्याला ती समजूत आली नव्हती. 'पळाली' असंच म्हटलं गेलं. २००८ च्या सुरुवातीचे निकाल बघितले तर ती थकलेली दिसते. सलग ३२ विजयांनंतर मेलबर्नला शारापोव्हाकडून ६-४, ६-०. मायामीला सेरेनाकडून ६-२, ६-०. असे लागोपाठ शून्याचे सेट हेनिन देत नसे. पाचव्या-सहाव्या वर्षापासून खेळणाऱ्या, बाराव्या वर्षी आई गमावलेल्या आणि २००४ मध्ये विषाणूच्या आजारामुळे महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या खेळाडूकडे देण्यासारखं उरलं नव्हतं, असं मला आता वाटतं.

---

शरयू

उत्तरा, २००४ च्या आजाराची आठवण काढलीस म्हणून पुन्हा लिहितेय. मी वर टीका केली, पण अथेन्सबद्दल तिला पूर्ण गुण.

सायटोमेगॅलो विषाणूने ती इतकी खचली होती की त्या वर्षी फ्रेंच ओपनला गतविजेती आणि अव्वल मानांकित असून दुसऱ्याच फेरीत हरली, विम्बल्डन खेळलीच नाही. तिथून थेट ऑलिंपिक. उपांत्य फेरीत त्या वर्षीची फ्रेंच विजेती मिस्किना. तिसऱ्या सेटमध्ये हेनिन १-५ मागे. तिथून ७-५, ५-७, ८-६. अंतिम सामन्यात मॉरेस्मो ६-३, ६-३.

१-५ वर असताना ती काय करते ते बघण्यासारखं आहे. घाईने मोठे फटके नाहीत. उलट रॅली लांबवते, स्लाइस खाली ठेवते, मिस्किनाला वाकायला लावते.

---

बेसलाइन

शरयू, तो सामना सुचवल्याबद्दल आभार. त्याच्या जोडीला २००३ ची यूएस ओपन उपांत्य फेरी बघाच, कॅप्रियातीविरुद्ध. कॅप्रियाती अकरा वेळा विजयापासून दोन गुणांवर आली आणि एकदाही पलीकडे गेली नाही. ४-६, ७-५, ७-६, मध्यरात्र उलटून गेलेली. हेनिनच्या पायात गोळे आले होते, अंगातलं पाणी संपलं होतं, सामन्यानंतर सलाइन लावावं लागलं. चोवीस तासांच्या आत तिने अंतिम सामन्यात क्लायस्टर्सला ७-५, ६-१ हरवलं. एचेबेरीकडच्या त्या हिवाळ्याचा उपयोग कुठे झाला असं कुणी विचारलं तर हे दोन दिवस दाखवायचे.

---

रातराणी

किती छान छान प्रतिसाद आलेत! सगळ्यांचे आभार.

पुनरागमनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून तेवढं लिहिते. २००९ मध्ये फेडररला फ्रेंच ओपन जिंकून चारही ग्रँड स्लॅम पूर्ण करताना पाहून तिला पुन्हा खेळावंसं वाटलं. मनात अर्थातच विम्बल्डन. जानेवारी २०१० ला परतली आणि दुसऱ्याच स्पर्धेत, वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर), ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत. सेरेनाकडून ६-४, ३-६, ६-२. त्या दोन आठवड्यांतला तिचा खेळ मी खूपदा पाहिलाय. ती मुद्दाम लवकर मारत होती, गुण आखूड करत होती, चेंडूवर चढून नेटकडे येत होती. गवतासाठी स्वतःला नव्याने घडवणं चाललं होतं. त्यात चुका वाढल्या हे खरं. पॅरिसला तिसऱ्या फेरीत शारापोव्हाने तिथली तिची सलग ४० सेटची मालिका तोडली आणि पुढच्या फेरीत स्टोसूरने तिला हरवलं. मग ज्या विम्बल्डनसाठी आली होती तिथेच, क्लायस्टर्सविरुद्ध पहिला सेट ६-२ जिंकलेल्या सामन्यात, पडून उजव्या कोपराला इजा झाली. सामना गेला आणि कोपर काही पूर्ण बरं झालं नाही. जानेवारी २०११ ला मेलबर्नला कुझनेत्सोव्हाकडून हरल्यावर ती कायमची थांबली. २०१६ मध्ये तिचा टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

पावशा, तुम्ही थोडे सरकलात याचा आनंद आहे. उरलेलं सरकवायला २००६ च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना बघा, कुझनेत्सोव्हाविरुद्धचा, ६-४, ६-४. त्यात बॅकहँड बहुतेक वेळा रॅली धरून ठेवायला वापरलाय आणि आक्रमण उजवीकडून होतंय.

---

पावशा

बघतो शनिवारी. पण तो सामना संपल्यावर मी बॅकहँडवर स्वतंत्र धागा काढणार आहे, सांगून ठेवतो. मातीकोर्ट, त्यात रोलाँ गॅरोवरच्या उंच उसळीबद्दल तुम्ही लिहायचंय.